२००८च्या वॅगन आरला नवी रबरं: एक पावसाळा काढल्यानंतर

आमची वॅगन आर २००८ची, एमएच-४३ पासिंगची. २०२३मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून घेतलं, म्हणजे २०२८पर्यंत तरी ती आमच्याकडेच आहे. इंजिन ठणठणीत. वाट लागली होती ती रबरांची. ऐरोलीत गाडी बाराही महिने उघड्यावर उभी असते. काचेच्या बुडाशी असते ती बाहेरची काळी पट्टी, म्हणजे आऊटर बीडिंग, उन्हाने पांढरी पडून तडकली होती. दारांची रबरं कोपऱ्यांत चपटी झालेली. गेल्या वर्षीच्या पावसात आई पुढे बसायची ती पाय आखडून. मॅट उचललं की खालचं कार्पेट पिळून पाणी निघायचं, आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाचा वास.

यंदा एप्रिलमध्ये काम काढलं. चारही दारांची रबरं, चारही आऊटर बीडिंग, डिकीचं रबर आणि दारांवरच्या बाजूच्या पट्ट्या. मजुरीसकट साडेआठ हजारांच्या आसपास गेले.

पैसे वाचवायला पुढच्या डाव्या दाराला आधी मीटरवर मिळणारं रबर लावलं, तिथे चुकलं. त्याची पोकळ नळी जाड, त्यामुळे दार दोनदा आपटल्याशिवाय लागेना. "अरे, दार नीट लागलं का बघ," हे आईचं रोजचं झालं. कोपऱ्यावर सुरकुती पडली होती. तिथे वहीचा कागद दारात धरून ओढला तर अलगद निघून यायचा; रबर नीट बसलं असेल तर तो अडकतो. पंधरा दिवसांत ते काढून कंपनीचं लावलं. तेही पहिले तीन आठवडे घट्ट वाटलं, मग बसलं.

एवढं करून जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात आईच्या पायाशी पुन्हा ओल. फार वाईट वाटलं. रबाळ्याच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो, त्यांनी रबराला हातही लावला नाही, सरळ डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतल्या बाजूचं आवरण, उघडलं. काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दाराच्या आत जाणारच, गाडी तशीच बनवलेली असते. ते दाराच्या बुडाच्या भोकांतून बाहेर पडतं, आणि केबिनकडे येऊ नये म्हणून पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. आमचा कागद कधीतरी स्पीकर बसवताना फाडून तसाच सोडलेला. भोकं चिखलाने बुजलेली. त्यांनी खराट्याची काडी घातली तसं तांब्याभर गढूळ पाणी भळकन आलं, सोबत गुलमोहराचा कुजलेला पाला. नवा कागद ब्यूटाइल टेपने चारही बाजूंनी चिकटवला, तीनशे रुपये घेतले. त्यानंतर जुलै-ऑगस्टचे धो धो दिवस गेले, कार्पेट कोरडं.

पाम बीच रोडवर साठच्या वर गेलं की काचेतून शीळ यायची, ती थांबली. टायरचा आवाज मात्र तेवढाच आहे, रबराकडून ती अपेक्षा ठेवू नका.

बाजूच्या पट्ट्यांपैकी एक टोकाला सुटली. त्या दुहेरी टेपवर असतात, टेपला पूर्ण पकड घ्यायला तीन दिवस लागतात आणि मी दुसऱ्याच दिवशी गाडी धुतली. जागा स्पिरिटने पुसून पुन्हा चिकटवली, अजून जागची हललेली नाही.

महिन्यातून एकदा फडक्यावर सिलिकॉन स्प्रे घेऊन सगळी रबरं पुसतो. सर्व्हिसिंगच्या वेळी चमक यावी म्हणून डिझेलचा फडका मारायला गेले, तर मारू देऊ नका. असल्या तेलाने दाराचं रबर फुगतं आणि मग कितीही बसवा, बसत नाही.

राहिलं ते मागच्या उजव्या काचेचं. तिच्या खाचेतलं रबर जुनंच आहे, काच वर जाताना कुरकुरते. ते मेच्या आत बदलणार, आणि तेव्हा पॅड उघडलं की त्या दाराचा कागदही बघून घेणार.