बायोकेमिस्ट्रीचा ‘हमखास पास’ गठ्ठा: पैसे देण्याआधी कुठली पानं उघडायची

फर्स्ट एमबीबीएसची परीक्षा जवळ आली की बेळगावात एक गठ्ठा फिरू लागतो. स्पायरल बायंडिंग, चकचकीत कव्हर, वर ‘आरजीयूएचएस बायोकेमिस्ट्री, हमखास येणारे प्रश्न’. एन्झाइम्सचं पहिलं प्रकरण सुरेख छापलेलं असतं, कारण दाखवायला तेवढंच उघडतात. बाकीचं प्लास्टिकमध्ये सीलबंद. सील फोडलं की परत घेणार नाहीत.

फसवणूक कव्हरपासूनच सुरू होते. या गावात दोन विद्यापीठांचे पेपर चालतात. बिम्स हे सरकारी मेडिकल बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाखाली (हेच ते आरजीयूएचएस), जेएनएमसी हे दुसरं मेडिकल केएलई संस्थेच्या अभिमत विद्यापीठाखाली. त्यात कोल्हापूर जवळ, आणि तिथल्या सरकारी मेडिकलला पेपर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा. तिकडचे सोडवलेले पेपर इकडं आणायचे, कव्हर बदलायचं, की ‘आरजीयूएचएस’चा गठ्ठा तयार. निपाणी-चंदगडच्या मुलांचे मित्र दोन्हीकडं शिकत असतात, त्यामुळे ‘तिकडं सगळे हेच वाचतात’ यावर पटकन विश्वास बसतो. राजीव गांधीच्या पेपरावर क्यूपी कोड (प्रश्नपत्रिकेचा क्रमांक) असतो आणि प्रश्नांचे भाग लाँग एसे, शॉर्ट एसे, शॉर्ट आन्सर असे पडलेले असतात. गठ्ठ्यातली मांडणी याहून वेगळी दिसली की समजा. तसंही जुने पेपर विद्यापीठाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. म्हणजे पैसे जातात ते फक्त उत्तरांचे, आणि खरी घाण तिथंच आहे.

पहिलं पान उघडा ते एटीपीच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या, हिशेबाचं. ग्लुकोजच्या एका रेणूच्या पूर्ण ऑक्सिडेशनला ३८ एटीपी आणि पामिटिक आम्लाला १२९ लिहिलेत? मग उत्तरं जुन्या आवृत्तीतून उचललीत. तो हिशेब एनएडीएच या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूला ३ आणि तसल्याच एफएडीएच-टूला २ एटीपी धरून केलेला. हल्लीची पुस्तकं २.५ आणि १.५ धरतात, त्यानं ग्लुकोजला ३२ (एनएडीएचचे इलेक्ट्रॉन मायटोकाँड्रियात नेणारं शटल बदललं तर ३०) आणि पामिटिकला १०६ येतात. दुसरं पान डायबेटिसचं. उपाशीपोटी साखरेची निदान-मर्यादा १४० दिसली तर ते उत्तर १९९७ च्या आधीचं. आता ती १२६ मिलिग्रॅम आहे, आणि एचबीए१सीची (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.५ टक्के. गठ्ठ्यात एचबीए१सी निदानासाठी दिलेलंच नसेल तर पुढं बघायची गरज नाही. २०१९ पासून सीबीएमई, म्हणजे क्षमतांवर आधारित, अभ्यासक्रम आला आणि केस देऊन विचारायचे प्रश्न वाढले. जुन्या उत्तरांत केस नसतातच.

झेरॉक्सची झेरॉक्स ही वेगळीच गंमत. दशांशचिन्ह हा पानावरचा सगळ्यात बारीक ठिपका, तो आधी उडतो. सीरम पोटॅशियम ३.५ ते ५.० चं ३५ ते ५० होतं. रक्ताचा पीएच काढायच्या हेंडरसन-हॅसलबाख समीकरणात बायकार्बोनेटचा पीके (आम्लाची ताकद सांगणारा आकडा) ६.१, तो ६१ होतो. पाठ करणारा ६१ च पाठ करतो आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तोंडावर पडतो. नॉर्मल व्हॅल्यूजचं पान उजेडात धरून बोटानं एकेक आकडा तपासा, पाच मिनिटं लागतात.

तयार लिहिलेलं प्रॅक्टिकल जर्नलही विकतात. त्यात लघवीतली साखर शोधायची बेनेडिक्ट टेस्ट बघा: रीएजंट ५ मिली, लघवी ८ थेंब, २ मिनिटं उकळायचं. उलटं छापलं असेल, म्हणजे लघवी ५ मिली आणि रीएजंट थेंबभर, तर निळा-हिरवा-पिवळा-विटकरी हा क्रम दिसणारच नाही. लघवीतले कीटोन शोधायच्या रोथेराच्या टेस्टमध्ये अमोनियम सल्फेटनं लघवी संपृक्त करायची पायरी गाळलेली असेल, तर लिहिणाऱ्यानं जांभळी रिंग कधी स्वतः पाहिलेली नाही. डिपार्टमेंटचं जर्नल आहेच, त्यावर विश्वास ठेवा.

परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र धंदा बदलतो: टेलिग्रामवर ‘उद्याचा पेपर’. थोडा अ‍ॅडव्हान्स, बाकी पेपर जुळल्यावर. पुरावा म्हणून मागच्या परीक्षेच्या आदल्या दिवसाची तारीख असलेली पोस्ट दाखवतात, आणि खरंच तोच पेपर असतो त्यात. युक्ती साधी आहे. चॅनेलवर आधी कसलीतरी फाइल टाकून ठेवायची, परीक्षा झाल्यावर पोस्ट एडिट करून तिच्या जागी खरा पेपर चिकटवायचा. वेळ जुनीच राहते. शेजारी बारीक अक्षरात ‘एडिटेड’ दिसतं, पण स्क्रीनशॉट पाठवणारा नेमकं तेवढं कापून पाठवतो.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. यूपीआयचा १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक हाताशी ठेवा. आणि चॅटचे स्क्रीनशॉट भांडायला सुरुवात करण्याआधी काढा, कारण टेलिग्रामवर समोरचा माणूस आख्खं संभाषण तुमच्याही फोनमधून पुसू शकतो.