दहा वर्षांच्या वॅगन-आरला सिरॅमिक कोटिंग: काम चांगलं, हाय स्पॉट सोडून

सिरॅमिक कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर लावायचा संरक्षक थर. तो लावणाऱ्याने आधी एक गोष्ट चांगली केली: पॉलिशरला हात लावण्यापूर्वी पेंटची जाडी मोजली. बॉनेटवर ९५ ते १०५ मायक्रॉन, छताच्या कडेला ७८. त्यामुळे छतावर कंपाउंड (जास्त घासणारी पेस्ट) टाळून नुसतं फिनिशिंग पॉलिश मारलं. जुन्या गाडीला हेच हवं. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) एकदा उडाला की रंगकामाशिवाय इलाज नाही. (प्लॅस्टिक बंपरवर साधं मीटर चालत नाही, तिथे अंदाजच.)

धुतल्यावर आयर्न रिमूव्हर मारला, तर मागच्या दारांवरून जांभळे ओघळ उतरले. ब्रेकची लोखंडी धूळ ती. मग क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी माती), काळ्या रबरांना मास्किंग टेप, पॉलिश, आणि शेवटी तेलकटपणा काढायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). ही शेवटची पायरी गाळली तर कोटिंग धरत नाही.

कोटिंग मात्र एका वेळी अख्ख्या बॉनेटला लावलं. दोन-दोन फुटांचे चौकोन घ्यायला हवे होते. दमट हवेत पुसायला उशीर झाला आणि डाव्या कडेला इंद्रधनुषी डाग वाळून बसला. हाच तो हाय स्पॉट: न पुसलेल्या जास्तीच्या कोटिंगचा डाग. तो आता पॉलिश करूनच निघेल, आणि तेवढ्या भागाला कोटिंग पुन्हा लावावं लागेल.

‘९ एच’ म्हणजे ओरखडेच पडणार नाहीत, हा काउंटरवरचा दावा सोडून द्या. तो आकडा पेन्सिलच्या शिशाने ओरखडून मोजलेल्या कठीणतेचा आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही पडतातच; उन्हात गाडी धुऊ नका. पहिले २४ तास पाणी नको, आठवडाभर शाम्पू नको.