निशाचर प्राणी शिकवायचे कुठे: कमाटीबाग, ओटा की अंधारी खोली?

चार ते सात वर्षांच्या मुलांना निशाचर प्राणी दाखवायचे म्हटलं की बडोद्यात सगळ्यांना आधी कमाटीबागेतलं प्राणिसंग्रहालय आठवतं. जागा चांगलीच आहे, पण सुरुवात तिथून करू नये. प्राणिसंग्रहालय दिवसा उघडं, आणि रात्रीचे प्राणी तेव्हा कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून पडलेले. मूल घरी येऊन सांगतं, घुबड आळशी असतं!

खरी पहिली शाळा म्हणजे आपला ओटा किंवा गच्ची (शेजाऱ्यांची अगाशी म्हणा हवं तर). सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम: साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, किडे भरपूर आणि पोरांची झोपेची वेळही सांभाळली जाते. जूनमध्ये अंधार पडेपर्यंत लहानगी पेंगतात, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पाल क्वचितच बाहेर येते. नवरात्रीचे नऊ दिवस मात्र सोडा, गरब्यापुढे रातकिड्याचं काय चालणार?

बाहेरचा पांढरा दिवा लावून खिडकीच्या काचेपाशी आतून बसा. वीसेक मिनिटांत पतंग येतात, त्यांच्यामागे पाल. काचेवर ती पोटाकडून दिसते, म्हणजे बोटांखालच्या आडव्या घड्या मुलांना अगदी मोजता येतात. ती काचेवरून घसरत का नाही, याचं उत्तर तिथेच समोर असतं. पाल चुकचुकली की काहीतरी घडणार म्हणणाऱ्या आज्जींना तेवढा वेळ चहात गुंतवून ठेवावं.

गच्चीवर फिरायचं असेल तर टॉर्चला लाल जिलेटिन पेपरचे दोन थर रबरबँडने बांधा. एकाच थरातून उजेड गुलाबी आणि भगभगीत येतो, चार थरांत पायाखालचं दिसत नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मध्येच कोणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून.

मांजराचे डोळे चमकताना दाखवायचे तर हाच टॉर्च कागद काढून, मंद करून, आपल्या कानशिलाशी धरायचा. मुलं तो कमरेशी धरतात आणि ‘चमकत नाही’ म्हणून हिरमुसतात. मांजराच्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला असलेला आरशासारखा थर प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतो, म्हणून आपला डोळा त्याच रेषेत हवा. क्षणभरच पाहा, रोखून धरू नका. मगरीचेही डोळे असेच चमकतात, पण त्यासाठी मुलांना घेऊन अंधारात मगरींच्या विश्वामित्री नदीकाठी उतरायचं नाही.

अंधाराला घाबरणारं मूल असेल, किंवा फ्लॅटला ना ओटा ना गच्ची, तर घरातली अंधारी खोली. सहा झाकणाच्या डब्या घ्या, दोन-दोन डब्यांत एकच वास: जिरं, लिंबाची साल, कॉफी. मुलानं डोळ्यांवर रुमाल बांधून जोड्या लावायच्या. कापूर घालू नका, बाकीचे सगळे वास तो गिळतो. तीन जोड्या पुरेत, पुढे नाक थकतं. वासावर, कानावर जगणं म्हणजे काय हे इथे चांगलं कळतं. प्राणी मात्र एकही दिसत नाही, ही या उपायाची मोठी उणीव.

आता कमाटीबाग. संध्याकाळी बंद व्हायच्या तासभर आधी जा, ऊन उतरलं की हालचाल वाढते. पाट्या वाचत बसू नका. ‘हा झोपलाय कुठे? अंगाचा रंग कशात मिसळतो? डोळे डोक्याच्या मानाने केवढे?’ एवढे तीन प्रश्न विचारा. वटवाघूळ आंधळं असतं, हे कोणी सांगितलं असेल तर तेही तिथेच खोडा: फळं खाणारी मोठी वाघळं डोळ्यांनी चांगलं पाहतात आणि वासाने फळ हुडकतात.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर ओटा घ्या. दोन मिळाल्या तर दुसरी कमाटीबागेला. साडेचार वर्षांखालच्यांना मात्र आधी डब्या द्या, गच्चीवरचा अंधार त्यांना झेपत नाही.