फक्त मुलींचं, फक्त मुलग्यांचं, एकत्र की सर्वसमावेशक? निवासी शिबिर निवडताना

निवासी उन्हाळी शिबिराचा फॉर्म भरताना पालक तारखा बघतात, फी बघतात, जेवणाची चौकशी करतात. मग एक प्रश्न उरतो आणि तो बहुतेक वेळा घाईत उरकला जातो: मुलगे-मुली एकत्र असलेलं शिबिर घ्यावं की वेगळं? ज्या घरातलं मूल ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ या खणात नीट बसत नाही, त्या घरात मात्र फॉर्म इथेच अडतो. दोन्ही प्रकारच्या पालकांना मी एकच कसोटी सुचवेन. दिवसा मुलांचे गट कशावरून पाडतात आणि रात्री त्यांना कुठे झोपवतात, एवढं नीट विचारा. शिबिराच्या नावापेक्षा या दोन उत्तरांतून जास्त कळतं.

आधी वेगळ्या शिबिरांबद्दल. ही परंपरा जुनी आहे. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर जे शिबिर घेतलं, ते फक्त मुलग्यांचं होतं. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्काउट मेळाव्यात मुली आपणहून हजर झाल्या, तेव्हा त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी गर्ल गाइड्स ही स्वतंत्र संघटना काढली गेली. मुलींच्या शिबिराचा खरा फायदा कामाच्या वाटपात दिसतो. तंबू ठोकणं, लाकडं फोडणं, होडी वल्हवणं, नकाशा हातात घेऊन पुढे चालणं हे सगळं मुलींनाच करावं लागतं, कारण ते ओढून घेणारं दुसरं कुणी नसतं. मुलग्यांच्या शिबिरात भांडी, झाडलोट आणि रडणाऱ्या लहानग्याची समजूत काढणं मुलग्यांच्या वाट्याला येतं, आणि तेही तितकंच मोलाचं आहे. चारचौघांत मागे राहणारी, मुलगे असले की बोलायचीच थांबणारी मुलगी असेल, तर पहिल्या शिबिरासाठी हा पर्याय मला पटतो.

पण ‘मुलगे आणि मुली वेगळे ठेवले की चांगले शिकतात’ असं जाहिरातीत लिहिलं असेल, तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. २०१४ साली २१ देशांतल्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. काटेकोर तुलना केलेल्या अभ्यासांत वेगळ्या शाळांचा म्हणावा असा फायदा दिसला नाही. शाळा आणि शिबिर एक नव्हेत हे खरं, पण दावा तोच आहे आणि त्याला आधार तितकाच कच्चा आहे.

एकत्र शिबिरांच्या बाबतीत जास्त डोळसपणे बघावं लागतं, कारण या नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी खपतात. ब्रिटनमधल्या स्काउट संघटनेने १९९१ मध्ये सर्व वयोगटांत मुलींना घेण्याची मुभा दिली आणि २००७ पासून ते सगळीकडे सक्तीचं केलं. अमेरिकेतल्या संघटनेने २०१९ मध्ये मोठ्या वयोगटाचा मुख्य कार्यक्रम मुलींना खुला केला, पण मुलींच्या तुकड्या वेगळ्या ठेवून. मुलींना प्रवेश दोन्हीकडे मिळाला, तरी मुलाला येणारा अनुभव सारखा नव्हता.

आणि एकत्र राहूनही दिवसभर ‘मुलगे इकडे, मुली तिकडे’ चालू असेल, तर काय होतं? मला या विषयातला सगळ्यात बोलका वाटणारा प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रज्ञ रिबेका बिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाळी वर्गातल्या लहान मुलांना निळे किंवा पिवळे टी-शर्ट दिले. काही वर्गांत शिक्षक रंगावरून मुलांना रांगेत उभं करत, जागा देत, हाक मारत. बाकीच्या वर्गांत रंगाकडे लक्षच देत नसत. कुठल्याच रंगाला वाईट वागणूक दिली नव्हती. तरीही ज्या वर्गांत रंग सतत वापरला गेला, तिथली मुलं ‘आपला रंग चांगला’ असं मानू लागली. पुढे २०१० मध्ये लेसी हिलियार्ड आणि लिन लिबेन यांनी बालवर्गांत रंगाऐवजी मुलगा-मुलगी हाच भेद सतत उच्चारून पाहिला. दोन आठवड्यांत मुलांचे ठोकळेबाज समज वाढले आणि मुलगे-मुली एकमेकांशी कमी खेळू लागले. दोन आठवडे म्हणजे अनेक शिबिरांची पूर्ण मुदत.

म्हणून ‘मुलगे विरुद्ध मुली’ रस्सीखेच हा निरुपद्रवी खेळ आहे असं मी मानत नाही. वयात येण्यापूर्वी, म्हणजे साधारण १२ वर्षांपर्यंत, धावणं, उडी, ताकद यांत मुलगे-मुलींमधला फरक इतका कमी असतो की त्यावरून संघ पाडायचं कारणच नाही. उंचीवरून पाडा, अनुभवावरून पाडा, चिठ्ठ्या टाका. त्यापुढच्या वयाला अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत वजनाचा विचार करावा लागतो. गिर्यारोहण, नाटक, स्वयंपाक यांत तेव्हाही नाही.

एक छोटी गोष्ट: पहिली पाळी बऱ्याच मुलींना ११ ते १४ या वयात, नेमकी शिबिराच्या वयात येते. पॅड कुठे ठेवलेत, कचऱ्याची सोय आहे का आणि पोहायचं नसेल तर सगळ्यांसमोर कारण सांगावं लागतं का, एवढं विचारलं की आयोजकांची तयारी कळते. हे मुलींच्या शिबिरालाही विचारा.

आता पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःची ओळख न जुळणारं) किंवा नॉन-बायनरी (स्वतःला फक्त मुलगा किंवा फक्त मुलगी न मानणारं) मूल. त्यांच्यासाठीच चालणारी शिबिरं काही देशांत आहेत. अमेरिकेतलं कॅम्प अरानूटिक २००९ मध्ये स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी तिथे पहिलं शिबिर झालं. अशा ठिकाणी मुलाला स्वतःबद्दल काहीही समजावून सांगावं लागत नाही, आणि आयुष्यात आपल्यासारखं दुसरं कुणी भेटलेलंच नसेल तर हा अनुभव दुसऱ्या कुठल्या शिबिरात मिळणार नाही. मात्र जिवलग मैत्रीण एकत्र शिबिराला निघाली असेल आणि मुलाला कडे चढायचे असतील, तर केवळ लिंग-ओळखीपायी त्याला वेगळीकडे पाठवू नये.

सर्वसाधारण शिबिर सर्वसमावेशक, म्हणजे अशा मुलांनाही सामावून घेणारं आहे की नाही, ते रात्रीच्या व्यवस्थेतून समजतं. काही ठिकाणी जन्मदाखल्यावरून खोली देतात. काही ठिकाणी मूल स्वतःला जे मानतं त्यावरून देतात. तिसरीकडे ‘सोयीसाठी’ स्वतंत्र खोली देतात. हा तिसरा मार्ग सभ्य दिसतो, पण मुलाने मागितला नसेल तर ती शिक्षा ठरते. शिबिरातली मैत्री दिवे मालवल्यावरच्या गप्पांत होते आणि ते मूल तेव्हा एकटं पडलेलं असतं. कपडे बदलायला आणि अंघोळीला कडी लागणाऱ्या वेगळ्या खोल्या असतील, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. त्या सगळ्याच मुलांच्या कामी येतात: जाड म्हणून चिडवलं जाणाऱ्याच्या, अंगावर डाग असलेल्याच्या, नुसत्या लाजाळूच्याही.

‘आमच्या मुलीच्या खोलीत कोण असेल?’ ही इतर पालकांची काळजी मी झटकणार नाही. पण तिचं उत्तर देखरेखीत आहे. बंद दाराआड एका मुलासोबत एकटं मोठं माणूस कधीच नसावं, फार वेगळ्या वयाची मुलं एका खोलीत नसावीत, रात्री जागी असलेली व्यक्ती कोण हे मुलांना माहीत असावं. चारही प्रकारच्या शिबिरांना हेच नियम लागतात.

फोन करण्याआधी मुलाशी बोला. त्याची ओळख आयोजकांना सांगायची का, कुणाकुणाला सांगायची, हे त्यालाच ठरवू द्या. त्याच्या संमतीशिवाय फॉर्मवर काही लिहू नका. नाव न सांगताही चौकशी करता येते: हजेरीपटावर कोणतं नाव येतं, मुलाला कुणी चिडवलं तर काय करायचं हे शिबिरातल्या ताई-दादांना शिकवलंय का, दुसऱ्या पालकाने खोलीवरून हरकत घेतली तर कोणाला हलवणार? शेवटच्या प्रश्नावर ‘आमच्याकडे सगळे समान’ म्हणून विषय संपवणाऱ्यांकडे मी मूल पाठवणार नाही. ‘अजून अशी वेळ आली नाही, पण शिबिर सुरू होण्याआधी तुमच्याशी बसून ठरवू आणि लिहून देऊ’ असं म्हणणारे मला जास्त भरवशाचे वाटतात. ते लिहून हातात आलं की मगच फी भरा.