हिमालयातली खिंड: फेब्रुवारीत जावं की मेमध्ये?

पुण्यातून हिमालयाची तारीख ठरते ती सुट्ट्या आणि तिकिटं पाहून. बर्फ कसा असेल, हे आधी पाहा. हिमस्खलन दोन्ही मोसमांत होतं. कारणं वेगळी, खुणाही वेगळ्या.

फेब्रुवारीतला धोका डोळ्यांना दिसत नाही. हंगामाच्या सुरुवातीचा पातळ बर्फ निरभ्र, कडाक्याच्या रात्रींत साखरेसारखा सुटा होतो. दाणे एकमेकांना धरत नाहीत. त्यावर वाऱ्याने आणलेल्या बर्फाची घट्ट स्लॅब बसते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही ती सुटू शकते. पायाखाली ‘धप्प’ झालं किंवा बुटापासून तडा धावला, तर मागे फिरा. नवीन बर्फ पडल्यावर निदान दोन दिवस अशा उतारांवर आणि त्यांच्या खालूनही जाऊ नका.

थर तपासायला उताराला आडवा ९० सेंटिमीटर, वरच्या दिशेने ३० सेंटिमीटर असा बर्फाचा खांब सुटा कापतात. एका टोकाला फावडं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा मारतात. तडा उमटून त्याच किंवा पुढच्याच थापेला पूर्ण खांबभर गेला, तर उतार सोडायचा. नाही गेला, तरी ही हमी नव्हे. चार पावलांवर थर बदलतात.

मेमध्ये मुख्य शत्रू पाणी. दुपारच्या उन्हाने वितळलेलं पाणी थरांत मुरतं आणि पकड सुटते. रात्री आभाळ मोकळं असेल तर बर्फ पुन्हा गोठतो. ढगाळ असेल तर नाही, आणि मग पहाटे निघूनही उपयोग नसतो. पूर्वेचे उतार आधी तापतात. बूट घोट्यापर्यंत रुतू लागला, वरून बर्फाचे गोळे घरंगळू लागले, की वेळ संपली.

बर्फाचं प्रशिक्षण नसेल तर आमचं मत स्पष्ट आहे: मे निवडा. घड्याळ आणि आभाळ कुणालाही वाचता येतं, साखरेचा थर नाही. सिंहगड दर रविवारी चढून दम वाढतो, ही नजर येत नाही. ऑक्टोबरही निर्धोक समजू नका. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर प्रशिक्षणाला गेलेली तुकडीच हिमस्खलनात सापडली होती.

फेब्रुवारीतच जायचं असेल, तर आयोजकाला विचारा: प्रत्येकाला बीकन (गाडलेल्याला शोधायचं, अंगावर बांधायचं रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं मिळणार का? बुटांवर चढवायचे खिळे, म्हणजे मायक्रोस्पाइक, घसरण्यापासून वाचवतात, गाडलं जाण्यापासून नाही. पहिल्या १०–१५ मिनिटांनंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घटते, म्हणून शोधायचा सराव घरीच करा. तळजाई टेकडीवर पाचोळ्याखाली पिशवीत बीकन लपवा. शोधताना मोबाइल हातातल्या बीकनपासून किमान ५० सेंटिमीटर लांब, शक्यतो बंदच. नाहीतर बीकनवरचा बाण भलतीकडे नेतो.