टाक्या रिकाम्या होत्या, हे मात्र खरं

वेकबोर्डिंगसाठी, म्हणजे बोटीला बांधलेला दोर धरून, फळीवर उभं राहून बोटीमागच्या लाटेवर उड्या मारायच्या खेळासाठी, जुनी बोट घेताना मी फसले. इंजिन ठीक होतं, कागदपत्रंही ठीक होती. ज्यातलं आपल्याला कळतं असं मी चार लोकांत सांगत फिरायचे, त्या तळाच्या बाबतीतच फसले. विकणाऱ्याने मला एकही वाक्य सरळ खोटं सांगितलं नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

माझ्यासमोर दोन बोटी होत्या. दोन्ही २१ फुटी, दोन्ही व्ही-ड्राइव्ह, म्हणजे इंजिन मागे आणि पंखा तळाखाली. दोन्हींवर दोर बांधायचा टॉवर. आता टॉवर असला म्हणून बोट वेकबोर्डची होत नाही, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. करेक्ट क्राफ्ट या बोटी बनवणाऱ्या कंपनीने १९९७ मध्ये सुपर एअर नॉटिक ही वेकबोर्डची बोट टॉवरसकट आणली. टॉवर लोकप्रिय झाल्यावर स्लॅलम स्कीच्या, म्हणजे एकाच स्कीवर नागमोडी वळणं घेत जायच्या खेळाच्या, कितीतरी जुन्या बोटींवर नंतर टॉवर ठोकले गेले. स्लॅलमवाल्याला लाट नकोच असते. तो ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास लाट कापत जातो, त्यामुळे त्याच्या बोटीचा तळ मागच्या बाजूला सपाट ठेवतात. बोट पाण्यावर वर चढते आणि मागे जेमतेम वळी उठते. वेकबोर्डला नेमकं उलटं हवं. वेग तिशीच्या थोडा वर, बोट पाण्यात रुतून चाललेली, आणि मागे उतरणीसारखी चढती, टोकाला नीट कड असलेली लाट.

हे सगळं पाठ असल्यामुळे मी मोबाइलमधलं कोनमापक घेऊन गेले होते. तळ मध्यरेषेपासून कडेकडे किती अंशांनी वर उचललाय, तो डेडराइज मी दोन्ही बोटी ट्रेलरवर असताना मागच्या फळीजवळ मोजला. पहिलीचा १२, दुसरीचा १५. खोल तळ, मोठी लाट, असा हिशेब मनात मांडून मी दुसरीकडे झुकले. दुसरीच्या विकणाऱ्याने हे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, तळ मोजणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय." झालं. त्यानंतर मी काही तपासलंच नाही असं म्हटलं तरी चालेल.

खरं तर डेडराइज मोठा म्हणून लाट मोठी, हे अर्धंच खरं आहे. लाट किती मोठी हे मुख्यतः बोट किती पाणी बाजूला सारते त्यावर, म्हणजे वजनावर ठरतं. तळाचा आकार त्या पाण्याला वळण देतो: लाट उभी की पसरट, कड स्वच्छ की फेसाळ, डावी-उजवी सारखी की नाही. त्यामुळे वजन सारखं नसेल तर दोन तळांची तुलना निरर्थक आहे. हे वाक्य मी स्वतः दुसऱ्यांना ऐकवलेलं आहे.

पहिल्या बोटीचे मालक सरळ गृहस्थ होते. बॅलास्टच्या, म्हणजे वजन वाढवायला पाणी भरायच्या टाक्या रिकाम्या, बोटीत ते आणि मी, चालवायला त्यांचा मुलगा. दोर त्यांनी माझ्यासमोर उलगडला, त्यावर मापाच्या खुणा होत्या. लाट आली ती गुडघ्याच्याही खाली. ते म्हणाले, "रिकामी बोट आहे, एवढीच येणार. टाक्या भरल्या की बघा." वेळ नव्हता म्हणून मी थांबले नाही. मनात मात्र शेरा मारून ठेवला: लाट कमी.

दुसऱ्या दिवशी दुसरी बोट. ती या वेळी आधीच पाण्यात उभी होती. मागच्या दोन्ही कप्प्यांवर लाइफ जॅकेट आणि दोरांचा ढीग. मी जॅकेट घ्यायला वाकले तर तो लगबगीने पुढे आला, "थांबा, मी देतो." डॅशबोर्डवर बॅलास्टच्या टाक्यांचे काटे दाखवले. "हे बघा, शून्य." वेग ३६ वर ठेवतो म्हणाला, आणि काटा ३६ वरच होता. बोट पाण्यावर यायला जरा जास्तच वेळ लागला, पुढचं टोक बराच वेळ आकाशाकडे होतं. मी विचारलं, तर म्हणाला इंधन काठोकाठ भरलंय. आणि मागे लाट अशी उठली की मी पाण्यातूनच ओरडले. तो नुसता हसून म्हणाला, "तळ चांगला असला की असं होतं."

आठवड्याभरात व्यवहार झाला. घासाघीससुद्धा केली नाही, याचा राग मला अजून येतो.

पहिल्याच रविवारी मैत्रिणींना घेऊन गेले. लाट? पहिल्या बोटीहूनही लहान. आणि वेग वाढवला की पुढचं टोक खाली दबायचं, पाणी अगदी पुढून दोन्ही बाजूंना उडायचं. आधी पंख्यावर संशय घेतला, मग सुकाणूवर, मग स्वतःच्या चालवण्यावर. दोन रविवार असेच गेले.

मग एका रात्री चाचणीच्या दिवसाचे फोटो चाळत बसले. बोट उभी असतानाचा, मागून काढलेला एक फोटो होता. त्यात इंजिनाच्या धुराची दोन भोकं पूर्ण पाण्याखाली. आता माझ्या बोटीत ती पाण्याच्या वर असतात, हात घालून साफ करता येतात. त्या दिवशी मागचा भाग निदान चार बोटं जास्त बुडालेला होता. सकाळी जाऊन मागचे कप्पे रिकामे केले. डाव्या कप्प्याच्या तळाशी, गालिच्याखाली, काळ्या प्लास्टिकचं एक झाकण सापडलं, मुठीएवढं, आटे पाडलेलं. बॅलास्टच्या पिशवीचं, म्हणजे वजनासाठी पाणी भरून ठेवायच्या सुट्या पिशवीचं. गालिचा ओलसर, आणि कप्प्याच्या भिंतीवर पाणी साचून राहिल्याची पांढरी रेघ, माझ्या कोपराच्या उंचीची.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बाजारात सर्रास मिळणारी मधली पिशवी साधारण १८० किलोची असते. अशा दोन पिशव्या मागे दडवल्या की ३६० किलो झाले, म्हणजे पाच धडधाकट माणसं कप्प्यात झोपवल्यासारखं. टाक्यांचा काटा अर्थातच शून्य दाखवणार. पिशव्यांना काटा नसतो.

वेगाचं कोडं मनगटावरच्या घड्याळाने सोडवलं. चाचणीच्या वेळी ते चालू होतं आणि त्यात नोंद होती ताशी ३१ किलोमीटर. बोटीचा काटा चुकीचा लावून ठेवला होता, की तसाच होता, देव जाणे. हळू गेलं की लाट अरुंद आणि उभी होते. दोरही मापाचा नव्हता. तो घरी नेऊन मोजला तर १८ मीटर भरला, वेकबोर्डला एरवी २० ते २४ वापरतात. बोटीच्या जवळ लाट जास्त उभी असते, मागे जाता जाता ती पसरते आणि बसते. आखूड दोर, कमी वेग, ३६० किलो. तिन्ही एकाच दिशेला ढकलणारं.

पुढचं टोक दबायचं कारण मात्र वेगळंच निघालं, आणि ते शोधलं पहिल्या बोटीच्या त्या गृहस्थांनी. मी लाजत लाजत फोन केला, तर ते दोन मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी घेऊन आले. बोट ट्रेलरवर होती. ते खाली आडवे झाले आणि पट्टी तळाला मध्यरेषेला समांतर अशी लावली, मागचं टोक अगदी फळीपर्यंत. पट्टी दोन्ही टोकांना टेकली आणि मधून उजेड दिसला. डाव्या बाजूला फट ६ मिलिमीटर, उजव्या बाजूला ३. म्हणजे तळ मागे खालच्या बाजूला वाकलेला. याला हुक म्हणतात. काही बोटींत थोडी वळणं मुद्दाम दिलेली असतात, पण मुद्दाम दिलेलं वळण दोन्ही बाजूंना सारखं असतं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं: वाक सुरू होतो तिथेच ट्रेलरच्या लाकडी टेकूची टोकं संपत होती. मागचा हातभर तळ वर्षानुवर्षं अधांतरी, वर इंजिनाचं वजन, आणि कदाचित भरलेल्या पिशव्यांसकट रस्त्यावरचे धक्के.

हुक असला की पाणी मागचा भाग वर उचलतं आणि पुढचं टोक दाबतं. मागचा भाग उचलला की लाट बसते. म्हणजे माझ्या १५ अंशांच्या तळाची लाट मुळातच मेली होती, आणि ती एका दिवसापुरती पिशव्यांनी जिवंत केली होती.

बोटीच्या वर्षाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिथे चूक पूर्ण माझी. बाजूला नवी चकचकीत स्टिकरं होती, २०१० च्या नव्या तळाच्या मॉडेलची. मागच्या फळीवर उजव्या बाजूला कोरलेला १२ अक्षर-आकड्यांचा नंबर शेवटी जी७०८ असा संपत होता. अमेरिकी बोटींवर १९८४ पासूनच्या पद्धतीत शेवटची चार अशी वाचायची: जी म्हणजे सातवा महिना जुलै, ७ म्हणजे बांधणीचं वर्ष २००७, ०८ म्हणजे मॉडेल २००८. जुना साचा. हाच नंबर मी सही केलेल्या कागदावर होता, ठळक.

विकणाऱ्याला फोन केला. आवाज चढवून पिशव्यांचं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "होत्या ना पिशव्या. तुम्ही टाक्यांचं विचारलंत." स्टिकरांबद्दल म्हणाला, ती आधीच्या मालकाने लावलेली. वकिलाला विचारलं, तर त्याने कागद वाचले आणि लाटेबद्दल काही लिहून घेतलंय का, एवढंच विचारलं.

तुम्ही बघायला जाल तेव्हा बोट सुरू करण्याआधी मागून फोटो काढा आणि प्रत्येक कप्प्यात खांद्यापर्यंत हात घाला. दोर स्वतःचा न्या, वेग स्वतःच्या मोबाइलवर बघा. दोन्ही बोटी तेवढ्याच माणसांनी, तेवढ्याच खोल पाण्यात पळवा, कारण उथळ पाण्यातही लाट बदलते. बोट आधीच पाण्यात उभी असेल तर ती ट्रेलरवर घ्यायला लावा. त्याने कां कूं केलं तर परत या. सरळ पट्टी कुठल्याही सुताराकडे मिळेल. कोनमापक घरी ठेवलंत तरी चालेल.

तळ सरळ करून घेण्याचा खर्च ऐकून मी तो नाद सोडला. बोट आता विकायला काढली आहे, हुक आणि वर्ष दोन्ही जाहिरातीतच लिहून. गेल्या आठवड्यात एक तरुण आला. मी सगळे कप्पे उघडले, पट्टी लावून फट दाखवली, रिकाम्या बोटीची लाट दाखवली. तो सगळं लक्ष देऊन ऐकत होता असं मला वाटलं. शेवटी टॉवरकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "हे स्पीकर सोबतच मिळणार ना?"