‘ओव्हन’ लिहिलेला एमसीबी पाडला, तरी ओव्हन चालूच

कोथरूडच्या आमच्या पंचवीस वर्षं जुन्या फ्लॅटचं किचन गेल्या उन्हाळ्यात नव्यानं केलं. गॅसऐवजी चार झोनचा इंडक्शन हॉब, म्हणजे ओट्यात बसवलेली चार जागांची विजेची शेगडी, आणि बाजूच्या उंच कपाटात बिल्ट-इन ओव्हन. हॉब पूर्ण जोरावर 7.2 किलोवॅट, म्हणजे 230 व्होल्टला 31 अँपिअर. ओव्हन 3 किलोवॅट, 13 अँपिअर. हा हिशोब कॉन्ट्रॅक्टरनंच मला करून दाखवला, म्हणून तर विश्वास बसला. “ताई, दोन्हीला डीबीपासून वेगळी लाइन. हॉबला सहाची वायर, ओव्हनला चारची, एमसीबी स्वतंत्र.” डीबी म्हणजे घरभरच्या लाइन जिथून निघतात ती पेटी, आणि एमसीबी म्हणजे तिच्यातली, जास्त करंट गेला की आपोआप पडणारी खटकी. सहा, चार ही वायरची जाडी, स्क्वेअर एमएममध्ये. याचे 38 हजार वेगळे लावले. महावितरणकडून लोड, म्हणजे मंजूर भार, वाढवून आणायचे पैसे त्यातच.

सहा स्क्वेअर एमएमच्या वायरचा खोका तीन दिवस हॉलमध्ये होता. येता-जाता दिसायचा, बरं वाटायचं. उघडून एकदाही पाहिला नाही. भिंतीत झिरी मारून वायरचे पाइप टाकले त्या दिवशी मी ऑफिसात. संध्याकाळी आले तर प्लास्टर झालेलं.

दिवाळीत ओव्हनमध्ये नानकटाई, हॉबवर एकीकडे करंज्या, दुसरीकडे पाक. अर्ध्या तासात जळक्या प्लास्टिकचा वास. आधी वाटलं, एखादं झाकण चिकटलं असेल. ड्रॉवर काढून मागे हात घातला तर भिंत चक्क गरम. धावत डीबी गाठला, ‘ओव्हन’ अशी चिठ्ठी लावलेला एमसीबी पाडला. ओव्हनचा दिवा चालूच! मग मेन बंद केला.

शेजाऱ्यांच्या ओळखीचे वायरमन काका आले. डीबीचं झाकण काढलं, तर त्या एमसीबीच्या खालच्या टोकाला वायरच नव्हती. ‘हॉब’चंही तेच. दोन्ही नुसते शोभेला. हॉब आणि ओव्हन दोन्ही जुन्या पॉवर पॉइंटच्या अडीचच्या वायरवर जोडलेले, कपाटामागे पिळून टेप गुंडाळलेला जॉइंट, टेप वितळून ओघळलेली. त्याहून भयंकर म्हणजे त्या लाइनचा 20 अँपिअरचा एमसीबी काढून 32 चा बसवलेला. “वीसचा असता तर पहिल्याच आठवड्यात पडला असता, आणि चोरी कळली असती,” काका म्हणाले. एमसीबी वायर वाचवायला असतो, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी दोन झोन आणि ओव्हन मिळून 27-28 अँपिअर चालले असतील. 32 चा पडणार नाही, आणि आत वायर तापत राहणार.

महावितरणचं बिल काढून पाहिलं. मंजूर भार अजून 3 किलोवॅटच.

कॉन्ट्रॅक्टर आधी म्हणाला, हाताखालच्या मुलानं चूक केली. मग फोन उचलेना. माझ्याकडे पावती म्हणून लेटरहेडवरचं ‘एस्टिमेट’, जीएसटी नंबर नाही, आणि शेवटचा हप्ता मी फर्निचर बघून देऊन बसले होते. तुमच्याकडे काम चालू असेल तर प्लास्टरआधी झिरीतल्या वायरचे फोटो काढा; साइज इन्सुलेशनवरच छापलेला असतो. आणि हप्ता देण्याआधी एकेक एमसीबी पाडून काय बंद होतं ते बघा. दोन मिनिटांचं काम, मी नाही केलं.

नव्या टाइल्स फोडवेनात, म्हणून आता छतालगत केसिंग पट्टीतून खऱ्या दोन लाइन आणल्यात. दिसतं वाईट. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची कागदपत्रं जमवतेय. कॉन्ट्रॅक्टरच्या व्हॉट्सअॅप डीपीला मात्र अजून माझंच किचन आहे, पट्टीच्या आधीचं.